शूटिंगवाल्याला विचारलेले प्रश्न

थोरल्या लेकीचा निकाह ठरला तेव्हा तिच्या अब्बांनी एका जुन्या वहीच्या पाठीमागे कामांची यादी केली. शादीखाना, काझीसाहेब, बिर्याणीचा आचारी, पत्रिका, पाहुण्यांच्या झोपण्याची सोय, पाण्याचे जार. सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहावा तसा, एक शब्द होता : शूटिंग. त्यापुढे कोणाचेच नाव नव्हते. "ते काय, कुणीही करतंय. आठ दिवस आधी सांगितलं तरी चालेल," असे ते म्हणाले. मी वही ओढून घेतली आणि त्या शब्दापुढे माझे नाव लिहिले.

याला दोन कारणे होती. एक माझ्या स्वतःच्या लग्नातले, दुसरे दोन वर्षांपूर्वीचे.

माझा निकाह १९९८ चा. मिरजेत आमच्या मोहल्ल्यात तेव्हा लग्नाचा व्हिडिओ काढणे ही मोठी गोष्ट होती. खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेतलेला एक माणूस, त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा आणि त्या पोराच्या मागे वायर सांभाळणारा आणखी एक. दिवा तोंडावर आला की डोळे आपोआप मिटायचे. त्यामुळे तीन तासांच्या कॅसेटमध्ये मी बहुतेक वेळ झोपेत लग्न केल्यासारखी दिसते. फिरणाऱ्या बदामात आमची दोघांची नावे येतात, कोपऱ्यातून गुलाबाची फुले पडतात, मध्येच काश्मीरचा एक धबधबाही येतो. आम्ही काश्मीर आजतागायत पाहिलेले नाही.

अब्बांचा २००९ मध्ये इंतकाल झाला. त्यानंतर ती कॅसेट मी बरीच वर्षे काढली नाही. काढली तेव्हा घरात प्लेअर उरला नव्हता आणि टेपला पांढरी बुरशी आली होती. सांगलीत एका दुकानात कॅसेट स्वच्छ करून ती सीडीवर उतरवून मिळाली. जेवढी वाचली तेवढी. रात्री सगळे झोपल्यावर मी एकटीच बघायला बसले. रुख्सतीच्या प्रसंगात अब्बा माझ्या सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी सांगतात. बराच वेळ सांगतात. मध्ये थांबतात, रुमाल काढतात, परत बोलतात. ओठ हलताना स्पष्ट दिसतात. आणि वर गाणे वाजते. मिक्सिंग करणाऱ्याने मूळ आवाज पुसून सगळीकडे सिनेमाची गाणी टाकली होती. अब्बा त्या दिवशी काय म्हणाले ते मी ऐकले नव्हते, कारण मी गाडीत बसले होते. सासरेही आता हयात नाहीत. विचारायचे कोणाला?

दुसरे कारण नणंदेच्या मुलीच्या लग्नातले. मेहंदीची रात्र होती. गच्चीवर फक्त बायका आणि मुली, ढोलक, हसणे, नाच. आणि शूटिंगवाला. आपल्याकडे ही एक गंमतच आहे. ज्या गच्चीवर घरचा सख्खा दीर पाय ठेवत नाही, दाराशी उभा राहून खाकरतो आणि आइसक्रीमचे खोके आत सरकवून परत जातो, तिथे एक परका तरुण कॅमेरा घेऊन अगदी जवळ वावरतो आणि कोणाला काही वाटत नाही. शूटिंगवाला म्हणजे जणू माणूसच नाही, पंख्यासारखी एक वस्तू, असे आपण धरून चालतो.

लग्नानंतर तीन महिन्यांनी त्या रात्रीची एक क्लिप त्याच्या इन्स्टाग्रामच्या पानावर आली. जाहिरात म्हणून. तीस-चाळीस सेकंदांची असेल. तिच्यात मधोमध नाचणारी मुलगी नवरी नव्हती, नवरीची मैत्रीण होती. तिचे लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. क्लिप फिरत फिरत तिच्या सासरी पोचली. पुढचे मी लिहीत नाही. इतकेच सांगते, की ती मुलगी दोन महिने माहेरी होती आणि तिच्या आईने नणंदेशी बोलणे टाकले, ते अजून सुरू झालेले नाही. शूटिंगवाल्याला सांगितल्यावर त्याने तासाभरात क्लिप काढली. पण तोवर ती कितीजणांनी उतरवून घेतली होती, त्याला काय माहीत! तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांचंच टाकतो. तुम्ही नको म्हणाला नव्हता."

हे खरे होते. आम्ही नको म्हणालो नव्हतो. काहीच म्हणालो नव्हतो. पाच हजार कमी करण्यासाठी मात्र नणंदेच्या घरच्यांनी त्याच्याशी दोन संध्याकाळी घासाघीस केली होती.

आता माझ्या घरी. मी कामाला लागायच्या आधीच धाकटे दीर म्हणाले, "भाभी, शूटिंग पाहिजेच कशाला? निकाह सुन्नतीप्रमाणे साधा करायचा म्हणतो आपण, आणि मग हे?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. कॅमेऱ्याच्या चित्राबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. कोणी ते हाताने काढलेल्या चित्रासारखेच मानतात, कोणी पडद्यावरचे हलते चित्र वेगळे मानतात, कोणी गरजेपुरती मुभा देतात. मी आलिमा नाही, या वादात पडण्याइतके माझे इल्म नाही. ज्या घरांत शूटिंग करत नाहीत त्यांचा मी आदर करते. पण मी दिरांना सीडीतल्या अब्बांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण सूरह नूर एकदा काढून वाचा."

मी वाचली. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरू नका, सलाम करून विचारून जा, हा आदेश तिथे आहे. आणि त्याच्या लगेच पुढे नजरेचा आदेश आहे, आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना. ही आयत मी वर्गात कितीतरी वेळा समजावली असेल. कॅमेरा हीसुद्धा एक नजरच आहे आणि ती घरात शिरताना कोणाला विचारत नाही, हे तोवर माझ्या डोक्यात आले नव्हते. त्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न सोपा झाला. कुठे शिरायचे, कोणाला विचारून शिरायचे आणि जे पाहिले ते कोणाच्या ताब्यात राहायचे.

कोणाला विचारायचे, याचे उत्तर मात्र मलाच सुचले नव्हते. घरात आठवडाभर या विषयावर सगळे बोलत होते. दीर बोलत होते, सासूबाई बोलत होत्या, मुंबईहून फोनवर माझी आपा बोलत होती. एका रात्री भाकऱ्या करताना लेक शांतपणे म्हणाली, "अम्मी, मेरेकू तो कोई पुछेच नै."

खरेच कोणी विचारले नव्हते. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचणारी, चोवीस वर्षांची मुलगी. तिच्या निकाहाचे चित्रण कसे व्हावे यावर तिचे मत असेल, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. तिची मते अगदी पक्की निघाली. ड्रोन नको. धुरातून चालत येणारी नवरी नको. मेहंदीच्या रात्री कॅमेराच नको, मुलींना मोकळेपणाने नाचू द्या. तिचा चेहरा घरच्यांखेरीज कोणाला दाखवायचा नाही. आणि एक गोष्ट पाहिजेच : "नानीचा आवाज घ्या. नानी दुआ देते ना, ती पूर्ण."

नवऱ्या मुलाकडेही विचारावे लागले. हे लोक विसरतात आणि मग शादीखान्यात दोन शूटिंगवाले एकमेकांच्या पायात येतात. समधनबाईंना फोन केला. त्यांनी त्यांचा माणूस आधीच ठरवला होता. बोलता बोलता ठरले, की त्यांचा माणूस निकाहाच्या दिवशी फक्त मर्दान्यात राहील आणि वलीम्याला त्यांचे ते बघतील. त्याही नव्याने विचारात पडल्या. म्हणाल्या, "आम्ही तर त्याला काहीच विचारलं नाही. तुम्ही काय विचारणार ते मलाही सांगा."

मी तीन ठिकाणी विचारले.

पहिला स्टुडिओ मोठा होता. काचेचे टेबल, भिंतीएवढा टीव्ही, थंड कॉफी. पॅकेज पंच्याऐंशी हजारांचे. त्यात ड्रोन, क्रेन, दोन कॅमेरे आणि लग्नाआधी नवरा-नवरीला धरणावर नेऊन काढायचा एक वेगळा व्हिडिओ. हा शेवटचा प्रकार आमच्याकडे होणार नाही म्हटल्यावर मालक थोडे हिरमुसले. मग त्यांनी नमुना म्हणून एका लग्नाची चार मिनिटांची फिल्म लावली. सुंदर होती, खोटे कशाला बोलू? पण बघता बघता मला अवघडायला झाले. ती कोणाची तरी लेक होती. रुख्सतीला रडत होती आणि मी, कोण कुठली बाई, कॉफी पीत बघत होते. मी विचारले, "यांची परवानगी आहे का दाखवायला?" ते म्हणाले, "मॅडम, आमचंच काम आहे ना ते." जो दुसऱ्याची लेक मला दाखवतो, तो उद्या माझी लेक आणखी कोणाला दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अर्थात नमुना पाहिल्याशिवाय काम कसे कळणार, हीसुद्धा अडचण खरीच. पण ज्यांनी होकार दिला आहे त्यांचाच नमुना ठेवता येतो, आणि तसे ठेवणारे आहेत.

मग विचारले, मूळ आवाज ठेवता का? ते हसले. "आवाज कोण ऐकतं मॅडम? गाणं टाकलं की बघणाऱ्याला रडू येतं." माझ्या डोळ्यांसमोर अब्बांचे हलणारे ओठ आले. तरी आणखी एक विचारले : एडिटिंग कोण करते? उत्तर मिळाले, की सीझनला काम फार असते, बाहेरगावी पाठवतो, तिथे पोरे बसलेली असतात. म्हणजे सगळे चित्रण कुरिअरने किंवा इंटरनेटवरून कोणा अनोळखी पोराच्या कॉम्प्युटरवर जाणार. नवरीचे, तिच्या बहिणींचे, पदर सावरणाऱ्या पाहुण्यांचे. कापून टाकलेले भागसुद्धा. मी कॉफी अर्धी ठेवून उठले. कपात उरलेली कॉफी हा माझ्या मते इस्राफच, पण त्या दिवशी गिळवली नाही.

दुसऱ्या दोन मुली होत्या, पुण्याच्या. दोघी मिळून फक्त बायकांकडचे काम करतात. त्यांच्याशी फोनवरच बोलणे झाले. पैसे प्रवास आणि मुक्कामासह पहिल्यापेक्षा थोडेच कमी. मला त्या फार आवडल्या, पण तारीख मिळाली नाही. रमजान ईद झाली की निकाहांची रांग लागते आणि अशा मुली अजून थोड्या आहेत. तारीख देता आली नाही म्हणून की काय, त्यातल्या एकीने मला दोन गोष्टी आपणहून सांगितल्या. पहिली, "काम दाखवतो एक आणि लग्नाला पाठवतो दुसरा, असं होतं. तेव्हा त्या दिवशी स्वतः कोण येणार, ते नाव लिहून घ्या." दुसरी, "कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात का विचारा. एकाच वेळी दोन्हींवर रेकॉर्ड होतं. एक बिघडलं तरी निकाह पुन्हा लावायला नको." आणि नमुना बघताना चार मिनिटांची फिल्म बघू नका, एका निकाहाचे पूर्ण चित्रण मागा, असेही ती म्हणाली. चार मिनिटे कोणीही चांगली काढतो. काझीसाहेबांचा खुतबा सुरू असताना कॅमेरा कुठे आहे, ते बघायचे.

तिसरे दुकान आमच्या शाळेच्या वाटेवरचे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. तिथे लग्नाचेही काम होते हे मला पाटी वाचूनच कळले. आत गेले तर काउंटरमागचा दाढीवाला तरुण एकदम उभा राहिला. "बाई, ओळखलं का? आठवीला मराठीला होतात तुम्ही." चेहरा ओळखीचा वाटला. शुद्धलेखन भयंकर होते, तेही आठवले.

आता पंचाईत झाली. आपल्या विद्यार्थ्याची उलटतपासणी कशी घ्यायची? पण घेतली. तो प्रत्येक प्रश्नाला वर्गात उभा असल्यासारखा उत्तर देत होता. स्वतः येणार. कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात. एडिटिंग दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको करते, बाहेर काही जात नाही. ड्रोन त्याच्याकडे नाही. गाण्याशिवाय पूर्ण निकाह देता येईल. "उलट सोपं पडतं बाई." पैसे अडतीस हजार.

मग तो म्हणाला, "बाई, आता मी विचारू?"

आणि त्याने जे विचारले त्याची उत्तरे माझ्याकडे नव्हती. नवरीची संमती घ्यायला वकील आणि गवाह आत जातात तेव्हा मी कुठे उभा राहू? काझीसाहेबांना कॅमेरा चालतो का, की खुतब्याच्या वेळी बाजूला व्हायचं? जनान्यात मी जायचं नाही, मग तिथं कोण? तुमच्याकडं कोण आजारी, म्हातारं माणूस आहे का, म्हणजे त्यांचं आधी घेतो, जेवणानंतर ते थकतात. कोणाचा चेहरा घ्यायचाच नाही, ते मला आधी दाखवाल का? मागे एका लग्नात अर्धे काम झाल्यावर नवरीच्या चुलत्यांनी त्याला हाताला धरून बाहेर काढले होते. आदल्या दिवशी नवरीच्या बापाने "सगळं घ्या" म्हटले होते. "दोघांचं बरोबर असेल बाई, पण मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं." तो गैरमुस्लिम मुलगा आमच्या निकाहाचा क्रम आमच्या पोरांपेक्षा चांगला सांगत होता.

जनान्याचा प्रश्न त्याच्या बायकोने सोडवला. आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "मी येईन की." बारशाची, डोहाळजेवणाची कामे ती करते. लग्नाचे पहिलेच. नमुना मागितला तर म्हणाली, "दाखवता नाही येणार, त्यांना विचारलेलं नाही." मी तिथल्या तिथे होकार दिला. नमुना न पाहताच.

कागदाचे काम माझ्या मामेभावाने केले. तो वकील आहे. मी त्याला म्हटले, निदान एक अट घाल, की चित्रण आमचे आहे. तो म्हणाला, "आपा, कायद्यानं ते तुझंच आहे." १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ त्याने समजावले. पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून कोणाकडून फोटो किंवा फिल्म काढून घेतली, तर तिचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार झालेला नसेल तर. ही 'वेगळा करार' वालीच मेख आहे. मोठ्या स्टुडिओच्या छापील पावतीमागे बारीक अक्षरांत बहुधा तेच लिहिलेले असते, की फोटो आणि फिल्म आम्ही प्रसिद्धीसाठी वापरू शकतो, आणि आपण खाली सही करून येतो. नणंदेने जुनी पावती शोधून काढली. मागे होतेच ते.

आमचा कागद एका पानाचा झाला. साध्या मराठीत. इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप, दुकानातला टीव्ही, कुठेही एकही चित्र वापरायचे नाही, नवरीचे नाही आणि पाहुण्यांचेही नाही. कापलेले भागसुद्धा आम्हाला द्यायचे. दीड महिन्यात पेन ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क द्यायची. ती हार्ड डिस्क आम्ही आणून द्यायची, कारण चांगल्या कॅमेऱ्याच्या एका तासाच्या चित्रणाला चाळीस-पन्नास जीबी जागा सहज लागते असे तो म्हणाला. दिल्यानंतर दोन महिने त्याने एक प्रत जपायची, आमची बिघडली तर म्हणून, आणि मग आम्हाला विचारून पुसून टाकायची. पैसे तीन भागांत. यात एक वाक्य मी स्वतः घातले : हे चित्रण आमची अमानत आहे. मामेभाऊ म्हणाला, कोर्टात या शब्दाला फार अर्थ नाही. राहू दे म्हटले. विद्यार्थ्याने वाचून विचारले, "अमानत म्हणजे ठेव ना, बाई?" हो. ठेवच. आपल्या हवाली केलेली, पण आपली नसलेली. त्याने खाली सही केली. शुद्धलेखन अजून तसेच आहे, तारखेत 'एप्रील' लिहिले. मी दुरुस्त केले नाही.

निकाहाच्या दिवशी ऊन रणरणत होते. दुपारी वीज गेली आणि खुतब्यापासून पुढे जनरेटर सुरू झाला, त्यामुळे काझीसाहेबांच्या आवाजामागे सतत घरघर आहे. विद्यार्थ्याच्या बायकोने जनान्यात धीटपणे काम केले, पण दोन ठिकाणी माझ्या मोठ्या खालाचे कपाळ कापले गेले आहे. आणि ज्याचा मी एवढ्या प्रश्नांत विचारच केला नव्हता ते समोर आले : मोबाइल. एका शूटिंगवाल्याकडून पानभर लिहून घेतले आणि जनान्यात साठ-सत्तर बायकांच्या हातात साठ-सत्तर कॅमेरे. सासूबाई खुर्चीवरून ओरडून ओरडून दमल्या. माझ्या शाळेतल्या सहकारी बाई स्टेजजवळ उभ्या राहिल्या आणि वर्गातल्यासारखे हात पुढे करून मोबाइल खाली घ्यायला लावत होत्या. काहींनी घेतले. काहींना राग आला. एका भाचीने लेकीचा फोटो स्टेटसला ठेवलाच, रात्री फोन करून काढायला लावला. पुढच्या लग्नात पत्रिकेतच एक ओळ छापायची, असे मी आणि समधनबाईंनी ठरवले आहे. त्यांच्या धाकट्याचे आहे.

पेन ड्राइव्ह सव्वा महिन्यात आला. आम्ही सगळे बसून बघितला. अम्मीला मुद्दाम आणले होते. तिचे डोळे आता फारसे काम देत नाहीत, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे.

संमतीचा प्रसंग त्याने कसा घेतला ते तिथेच कळले. तो आत गेला नव्हता. बायकोलाही त्याने तेवढ्यापुरते बाहेर थांबवले होते. वकील म्हणून माझा भाऊ, म्हणजे लेकीचे मामू, दोन गवाह घेऊन आत गेले, तेव्हा त्यांच्या शेरवानीला त्याने एक लहानसा माइक लावून ठेवला होता, त्यांना विचारून. पडद्यावर फक्त बंद दार दिसते. हिरव्या रंगाचे, शादीखान्याचे, कडीला कोणीतरी मोगऱ्याचा गजरा अडकवलेला. आणि आतून आवाज येतो. मामू नवऱ्या मुलाचे नाव घेतात, मेहेरची रक्कम सांगतात आणि विचारतात. थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, नुसत्या बांगड्या. मग लेकीचा आवाज. त्यानंतर अम्मीची दुआ. ती लांबत लांबत जाते, मध्ये माझ्या मरहूम अब्बांचे नाव येते, कोणीतरी हुंदका देते, बहुधा मीच.

अम्मी म्हणाली, "फिरसे लगाव." लेकीच्या अब्बांनी तीनदा लावले. दाराशिवाय पडद्यावर काही नव्हते आणि अम्मीला तेही दिसत नव्हते.

परवा विद्यार्थ्याचा मेसेज आला. "बाई दोन महीने झाले. तुमची प्रत पुसून टाकू का?" कागदावर मीच तसे लिहून घेतले होते. आमच्याकडे पेन ड्राइव्ह आहे, हार्ड डिस्क आहे, लेकीने एक प्रत सासरी नेली आहे. तरीही मला बुरशी आलेली ती कॅसेट आठवली. चार दिवस झाले, मी अजून उत्तर दिलेले नाही.